टाकीवरच्या गिअरची गाडी

भाऊजी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. चहाची बशी असो, नवा कंदील असो, लग्नपत्रिका असो. नख एकदा गोल फिरायचं, कुठे अडलं तर मान थोडी तिरपी व्हायची, आणि मगच ती वस्तू वापरायची की बाजूला ठेवायची हे ठरायचं. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी पोह्यांची बशी पुढे केली. भाऊजींनी तिच्या कडेवरून नख फिरवलं. बशी खरकटी राहिली की काय, असं वाटून त्या भल्या माणसानं ती आत नेऊन दुसरी आणली. भाऊजींनी दुसरीवरूनही नख फिरवलं. परत येताना बसमध्ये मी चिडलो तर म्हणाले, "पोरगी चांगली हाये गा. बश्या तेवढ्या पाहून घेतल्या."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी बाई म्हणतो, आणि घरात मला बापू म्हणतात. ते लाखनीला हायवेच्या कडेला असलेल्या धानाच्या मिलमध्ये फिटर होते, आणि मी एस.टी.त कंडक्टर. भंडारा ते साकोली हा माझा रोजचा रस्ता. लाखनी मधे पडायची. आमचे आईवडील लवकर गेले. साकोलीच्या अलीकडे आमचं गाव आणि तिथलं माझं घर, एवढंच बाईचं माहेर. तिला मूलबाळ झालं नाही. या गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते यांच्याशिवाय कळणार नाही. आणि ते सांगायला मला फार वर्षं लागली आहेत.

सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी मिलच्या पट्ट्यात भाऊजींचा डावा पाय सापडला. पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. मालक घरी भेटायला आला. वाईट माणूस नव्हता. खाटेजवळ बसून म्हणाला, "काही लागलं तं सांगा फिटर. मागा तुमाले काय पाह्यजे ते." शेजारपाजारचे दारात कान देऊन उभे. भाऊजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "गोदामात कोंड्याखाली ते जुनी फटफटी पडली हाये, ते द्या." ती मालकाच्या वडिलांनी कधी तरी एका इंग्रज साहेबाकडून घेतलेली मोटरसायकल. तिच्यात उंदरांनी घर केलं होतं, निम्मं सामान गायब होतं. मालकानं त्याच संध्याकाळी ती हातगाडीवर घालून पाठवून दिली, भाऊजींचं मन बदलायच्या आत. बाई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

"पाय गेला त्याच्या बदल्यात भंगार मांगतलं," ती मला म्हणाली. "अक्कल बी पट्ट्यात गेली का, इचार तुह्या भाऊजीले."

मी विचारलं. त्यांनी मला गाडीजवळ नेलं आणि पेट्रोलच्या टाकीच्या कडेला असलेली एक दांडी दाखवली. त्या जुन्या गाडीचा गिअर पायानं टाकायचा नव्हता, हातानं टाकायचा होता. "आता साऱ्या फटफट्यायले पायानं गिअर हाये, अन् स्कूटरले हातानं असला तं तिच्यात ताठ पाय मावत नाही. मले त्या कामाच्या नाही. सायकल त गेलीच. हे एकच गाडी हाये का जे मी चालवू शकतो. हे माहा पाय हाये समज." मग आवाज खाली करून म्हणाले, "तुही बहीन बसच्या गर्दीत माह्याकडं पाह्यत राह्यते, पडतो का म्हनून. तिले यावर बसवून माहेरी नेईन एकदा. मंग पाहू कोनाची अक्कल पट्ट्यात गेली ते."

एवढीच त्यांची इच्छा होती. तिला दहा वर्षांच्या आसपास लागली.

घरापुढची सपरी, म्हणजे तुमच्याकडे जिला पडवी म्हणतात ती, त्यांचा कारखाना झाली. एका जाड लाकडावर लोखंड घट्ट धरायचा वाइस बसवला. सायकलचं चाक आणि मिलमधला टाकून दिलेला शाफ्ट जोडून लोखंड कातायचं लहानसं लेथ उभं केलं. ते फिरवायला दुसरा माणूस लागे, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे बाई. दुपारी भांडी आटोपली की ती पाटावर बसून एका हातानं लेथचं चाक फिरवायची आणि दुसऱ्या हातानं सुपातले तांदूळ निवडायची. "हळू," भाऊजी म्हणायचे. ती हळू करायची. "आता जरा जोरात." ती जोरात करायची. "पीठ दळून राहिली का लोखंड, काई समजत नाही मले," असं म्हणायची, पण उठायची नाही.

त्या गाडीचं सामान कुठे मिळायचं नाही. नागपूरच्या जुन्या बाजारातले लोकही गाडीचं नाव ऐकून हसायचे. म्हणून जे नव्हतं ते भाऊजींनी केलं. सगळ्यात आधी डाव्या बाजूचं पायदान केलं, पुढे लांब काढलेलं, ताठ पाय सरळ टेकता यावा म्हणून. क्लचच्या चकत्यांत बुचाचे तुकडे बसवायचे असतात, ते औषधाच्या बाटल्यांची बुचं कापून केले. त्या साली बाईच्या घरात एकाही बाटलीला बूच नव्हतं. एरंडेलाच्या बाटलीच्या तोंडात कापसाचा बोळा. कार्बोरेटरमधला पितळेचा तरंगता डबा भंडाऱ्याच्या कासाराकडून करून घेतला. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे पाहायला ते एका भागाला काजळ फासायचे, दुसऱ्यावर घासायचे, आणि जिथे काळं उमटेल तिथेच कानस मारायचे. काजळ बाईच धरायची. डोळ्यांसाठी एक डबी, गाडीसाठी एक. एकदा तिच्याकडून दोन्हींची अदलाबदल झाली तेव्हा ती दिवसभर एरंडेलाऐवजी मशीनच्या तेलाचं काजळ डोळ्यांत घालून फिरली, आणि भाऊजी तिला म्हणाले, "आता तुहे डोळे कुरकुरनार नाही."

ते काही फार मोठे कारागीर होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं निम्मं काम फुकट जायचं. एक भाग बसायचा तोवर दुसरा तुटायचा. गाडी कधी सुरू व्हायची, मिलपर्यंत जायची, आणि येताना पोरं ढकलत आणायची. ते रागीटही होते. कानस फेकून मारायचे, भिंतीला, माणसाला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसलेले दिसायचे, ताठ पाय पुढे काढून, जसं काही काल काही झालंच नाही.

त्यांचा एक नेम होता. दुसऱ्यानं करून आणलेलं काम ते त्याच्यासमोर तपासत नसत. नख फिरवणं ही सवय होती, ती सुटायची नाही. पण कानस लावून पाहणं, वजन करून पाहणं हे माणूस गेल्यावर. कासाराचा डबा मी आणून दिला तेव्हा कासाराचा भाऊ माझ्यासोबत आला होता. भाऊजींनी त्याला चहा पाजला, गप्पा केल्या, वाटेला लावलं, आणि मग डबा पाण्यात बुडवला. बुडबुडे आले. भोक होतं. मी म्हटलं, त्याच्यासमोरच पाहायचं होतं, घेऊन गेला असता परत. तर म्हणाले, "समोर नाही लावत गा. परीक्षा लोखंडाची घ्याची हाये. मानूस काहून उभा करायचा त्यात?" डबा त्यांनी स्वतःच डाख लावून नीट केला. कासाराला कधी कळलंही नाही.

आता माझ्याबद्दल. भाऊजींना त्या पायानं बसमध्ये चढणं-उतरणं जड जायचं, म्हणून भंडाऱ्याचं सगळं काम माझ्याकडे होतं. खाकी कापडाची एक पिशवी होती, बाईनं माझ्याच जुन्या पँटची शिवलेली. लाखनीला गाडी थांबली की कधी मी उतरून घरी डोकवायचो, सुटी असली तर जेवायला जायचो, आणि निघताना पायरीवर उभा राहून विचारायचो, "भाऊजी, काही न्यायचं हाये का?" ते पिशवी द्यायचे. कधी कासाराकडे, कधी लोहाराकडे, कधी नुसतं नटबोल्टच्या दुकानात. डेपोत लोक मला भंगारवाला कंडक्टर म्हणायचे. तिकिटाची पेटी एका खांद्याला, लोखंडाची पिशवी दुसऱ्या. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे पुढे कंटाळा आला. मी कधी तोंडानं बोललो नाही, पण पिशवी हातात घेताना माझा चेहरा कसा होत असेल ते आता मला दिसतं.

शेवटी एकच अडचण राहिली. गिअरच्या पेटीतलं एक दातेरी चाक, पेढ्याएवढं. त्याचे दात झिजून गेले होते. भाऊजींनी ट्रकच्या तुटक्या एक्सलचा तुकडा आणला. तो मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा ढीग धुमसत असायचा त्यात पुरून ठेवला. त्या मंद धगीत लोखंड नरम होतं, त्यावर कानस चालते. मग लेथवर चकती कातली, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून चिकटवला, आणि एकेक दात कानशीनं पाडायला बसले. पावसाळ्यात मिलला काम कमी असतं. सगळा पावसाळा त्या चाकात गेला. दात झाले की ते चाक पुन्हा कडक करावं लागतं, कानस वरून घसरेल इतकं; त्यासाठी लालबुंद करून विझवावं लागतं. त्याला पाणी देणं म्हणतात. आदल्या साली एका चाकाला त्यांनी घरीच पाणी दिलं होतं आणि दातांना तडे गेले होते. म्हणून या वेळी ते भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे द्यायचं ठरलं. बारीक दातांचं पाणी त्याला साधायचं.

"पानी बरोबर बसलं तं भाऊबीजेले आम्ही येतो," भाऊजी म्हणाले. "फटफटीवर. तू पाट मांडून ठेव."

 बाईनं नवं लुगडं आधीच काढून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

दिवाळीत एस.टी.ला गर्दी असते आणि रजा मिळत नाही. भाऊबीजेची सुटी पाहिजे म्हणून मी आधीचे दिवस दुहेरी ड्युटी घेतली होती. चाक पिशवीत होतं. लोहाराचं घर स्टँडपासून दूर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला; चाक त्याच्याकडे टाकायचं, मग पुन्हा आणायला जायचं. पहिल्या दिवशी वेळ होता, मी रेस्ट हाउसमध्ये जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशीही वेळ होता. तेव्हाही झोपलो. लोहार घरी नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तो घरी होता. मी पुढे विचारून घेतलं.

शेवटच्या दिवशी सकाळी स्टँडवर चहा पिताना पिशवीतलं ते चाक मांडीला टोचलं. मी ते बाहेर काढलं आणि चहावाल्याच्या कोळशाच्या भट्टीत चिमट्यानं धरलं.

"काय तळून राहिले कंडक्टर, वडा का?" चहावाला म्हणाला.

लाल वगैरे काही झालं नाही. काळपट निळं झालं. मी ते त्याच्या बादलीत बुडवलं, थोडं चर्र झालं, मग रुमालाला तेल लावून पुसलं. दिसायला अगदी पाणी दिलेल्या लोखंडासारखं दिसत होतं. एवढी वर्षं पिशवी वाहिल्यामुळे रंग कसा असतो ते मला माहीत होतं. मी शिकलो म्हणून जे काही होतं ते एवढंच.

ड्युटी संपवून दुपारी लाखनीला उतरलो आणि चाक भाऊजींच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून नख फिरवलं. नखाला कड कळते, कडकपणा कळत नाही. "चांगला रंग बसवला म्हाताऱ्यानं," ते म्हणाले. मग त्यांनी फळीवरची कानस उचलली. मी समोर बसलो होतो, आणि काम करून आणणारा या वेळी मीच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कानस परत फळीवर ठेवली आणि गिअरची पेटी उघडायला घेतली. मी तिथून लगेच निघालो असतो तर त्यांनी ती लावून पाहिली असती. पण मी निघालो नाही. भीती वाटत होती म्हणून बसून राहिलो. पाने-पकड देत राहिलो, कंदील धरत राहिलो, चाक आत बसेपर्यंत. जाताना बाईनं विचारलं, "उद्या करंज्या आनाव्या का अनारसे? तुह्या बायकोनं काय केलं?" मी काही तरी उत्तर दिलं.

भाऊबीजेला माझ्या बायकोनं सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली. मी नवा सदरा घालून ओट्यावर बसलो. गाडीचा आवाज मला ओळखू येत होता. दुरून धान कांडल्यासारखा यायचा. बस गेली, ट्रक गेले. ऊन ओट्यावर चढलं. बायको दोनदा बाहेर येऊन रस्त्याकडे पाहून गेली. "भाऊजीची फटफटी हाये, मुहूर्त पाहून निघन," ती म्हणाली. दुपारी आमच्याच डेपोच्या एका ड्रायव्हरनं बस हळू करून ओरडून सांगितलं, "तुमचे भाऊजी तलावाच्या पाळीपाशी बसले हायेत. गाडी बंद पडली."

मी ट्रकला हात दाखवून तिथे गेलो. गाडी रस्त्याच्या खाली आडवी. नरम दात गिअर टाकता टाकता सोलून निघाले होते, त्यांचे तुकडे पेटीत अडकून मागचं चाक जाम झालं आणि गाडी घसरली. बाईचा कोपर खरचटला होता आणि नवं लुगडं गुडघ्यावर फाटलं होतं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेवर गाडी वळवली, म्हणून मी आज एवढंच लिहितो आहे. भाऊजी एका दगडावर पाय ताठ करून बसले होते. पेटी त्यांनी उघडून पाहिली होती. हात काळे झाले होते. बाई थोडी दूर बसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. ते तिनं पडताना सोडलं नव्हतं.

मी जवळ गेलो. भाऊजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हात गेला गा माहा, बापू. दात बरोबर नाही पडले."

त्या वेळी बोलता आलं असतं. रस्त्यावर आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, "होते असं, भाऊजी."

बाई उठली. "आलाच हायेस तं बस इथं," ती म्हणाली, आणि तलावाच्या पाळीवर फडकं पसरून तिनं मला त्यावर बसवलं. निरांजन वाऱ्यानं विझत होतं. भाऊजी कसेबसे उठून आले आणि त्यांनी आपल्या त्या काळ्या हातांचा आडोसा ज्योतीला धरला. तिनं मला ओवाळलं. ट्रक हॉर्न देऊन जात होते. ताटात काय टाकलं ते मला आठवत नाही. फुटलेल्या अनारशाचा तुकडा तिनं माझ्या तोंडात घातला, एवढं आठवतं.

तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ट्रकवर घालून गाडी लाखनीला परत नेली. त्यानंतर भाऊजींनी लेथचा पट्टा काढून गुंडाळून ठेवला. मिलमध्ये लोक विचारायचे, "काय फिटर, फटफटी कुठवर गेली?" ते म्हणायचे, "तलावापावतर. पानी प्याले." लोक हसायचे. मग भाऊजी म्हणायचे, "हात गेला आता." ते इतक्या सहज म्हणायचे की लोकांना खरंच वाटलं. पुढे मालकही मोठं काम आलं की भंडाऱ्याहून मिस्त्री बोलवायला लागला, आणि भाऊजी त्याला पाने उचलून द्यायला लागले. मी एकदा ते पाहिलं. मिलच्या दारातूनच परत फिरलो.

मी जाणं सोडलं नाही. पण निघताना पायरीवर उभं राहून जे विचारायचो ते सोडलं. आता काही न्यायचं नसणारच, असं मी धरून चाललो, आणि खरं सांगायचं तर पिशवी सुटली याचं मला हलकंही वाटलं. एक बदल मात्र मला दिसला होता. पूर्वी ते सपरीतूनच निरोप द्यायचे. आता मी निघालो की ते लंगडत माझ्यासोबत हायवेपर्यंत यायचे, बस येईपर्यंत उभे राहायचे, एक हात खिशात घालून. मी म्हणायचो, "कायले येता भाऊजी, पाय दुखन." ते म्हणायचे, "येतो गा. घरी बसून काय करून राहिलो मी?" बस आली की ते खिशातला हात काढायचे आणि रिकामाच हलवायचे. मला वाटायचं, म्हातारपण. माणसाला सोबत हवीशी वाटते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका हिवाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि दोन आठवड्यांत ते गेले. शेवटी भेटलो तेव्हा डोळे पिवळे होते, आवाज नव्हता. मी पाण्याचा पेला तोंडाशी धरला तर आधी त्यांचं नख पेल्याच्या कडेवरून फिरलं.  बोलायला गेलो होतो, पण बोललो नाही.

गेल्या पोळ्याला मी बाईकडे गेलो. ती सपरीत तांदूळ निवडत होती. वाइसवर दुधीच्या बिया वाळत घातल्या होत्या. गाडी कोपऱ्यात गोणपाटाखाली. तिच्यात कोंबडी अंडी घालते. माझं वयही आता असं झालं आहे की रात्री उठून बसतो आणि तीच भट्टी दिसते. मी बाईजवळ बसलो आणि सांगून टाकलं. लोहाराकडे गेलोच नव्हतो, चहावाल्याच्या भट्टीत काळं करून आणलं, सगळं. सुपातला हात थांबला नाही.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? त्या दिवशी ट्रकवरून गाडी उतरोली, तुले बसमधे बसवून देलं, अन् मंग त्यायनं ते चाक काढून कानस मारून पाह्यली. एकडाव. कानस कशी घसरली पाह्यजे. तं हे खसकन लागली. लोन्यात लागल्यावानी. मंग मले म्हनले, जेवाले वाढ."

"अन् मले काहीच नाही बोलले?"

"बोलून काय करतील? मीच भांडली. म्हनलं, दुसरं चाक करा, अन् या डाव मिलातल्या कोनाच्या हाती भंडाऱ्याले पाठवा. तं म्हनले, दुसऱ्याच्या हाती पाठोलं का बापूले समजन, आपल्याले माहीत हाये म्हनून. मंग तो शरमेनं या घरी याचा नाही. तुले माहेर म्हनून तेवढं एकच दार हाये." तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "म्हनून मंग साऱ्यायले सांगत बसले, हात गेला, हात गेला."

ती उठली, आत गेली, आणि काजळाची एक जुनी डबी घेऊन आली. डबीत चाक होतं. मी ते तळहातावर घेतलं. सोललेलं नव्हतं. सगळे दात अखंड, कोरे, एकसारखे. अंगठ्याचं नख माझं मलाच कळायच्या आत कडेवरून फिरलं. कुठेही अडलं नाही.

"दुसरं केलंच त्यायनं," बाई म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात. तू येशीन त्या दिवशी लपवून ठेवत. लेथचं चाक मीच फिरवलं. पानी देल्लं नाही अजून. नरमच हाये ते. म्हनत, बापू आपल्या मनानं इचारन, भाऊजी काही न्याचं हाये का, तवा देईन त्याच्या हाती. त्यालेच देईन. तू याचास तवा खिशात घालून रस्त्यापावतर येत."

ती पुन्हा सुपाशी बसली.  बैल सजवून पोरं रस्त्यानं चालली होती, घुंगरांचा आवाज येऊन गेला. साकोलीकडे जाणारी बस थांबली आणि निघून गेली, मी उठलो नाही. भंडाऱ्याचा तो म्हातारा लोहार आता नाही. त्याचा मुलगा भट्टी चालवतो, असं ऐकून आहे. त्याला त्या बारीक दातांचं पाणी साधतं की नाही, मला माहीत नाही.

मी पायरीवर जाऊन उभा राहिलो, तिथेच, पूर्वी राहायचो तसा.

"बाई," मी म्हटलं, "माही ते पिशवी ठेवली हाये का तुनं?"

तिनं मान वर केली नाही. सुपातला हात तेवढा थांबला. "खुंटीलेच हाये," ती म्हणाली.